आत्याच्या माश्यांचं पाणी

आत्यानं नवरा का सोडला याचं कारण गल्लीत प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. गिरणीवाला म्हणायचा, नवऱ्याचं बाहेर काहीतरी असणार. न्हावी म्हणायचा, बाईचाच एक स्क्रू ढिला. समोरच्या मास्तरीणबाई नुसतं "असतं एकेकाचं" म्हणून असा काही सुस्कारा सोडायच्या, की त्यावर अख्खी गल्ली आठवडाभर गुजराण करायची. खरं कारण इतकं बेचव होतं की सांगूनही कुणाला पटलं नसतं. नवरा पीत नव्हता, मारत नव्हता, परक्या बाईकडं मान वर करून बघत नव्हता. तो पुसायचा.

सकाळी उठून फरशी पुसायचा. दुकानातून आला की दाराची कडी पुसायचा. पाहुण्याची पाठ वळायचा अवकाश, की त्याची खुर्ची पुसायचा, आणि पाहुणा विसरलेली छत्री घ्यायला परत आलाच तर छत्रीही त्याला पुसलेली मिळायची. घड्याळं दुरुस्त करायचा धंदा. काचेखाली धुळीचा कण गेला की घड्याळ मरतं, हे त्याच्या डोक्यात इतकं बसलेलं की साऱ्या जगावरच एक काच बसवावी असं त्याला मनापासून वाटायचं. अंगाला कायम फिनेलचा वास. लोक त्याला फिनेलराव म्हणत. त्याच्या कानावर ते जायचंही, पण तो ते कौतुक समजायचा.

आत्याला हौस मधमाश्यांची. लग्नानंतर तिनं गच्चीवर पेट्या ठेवल्या होत्या, आणि फिनेलरावांनी त्या नाक दाबून का होईना चालवून घेतल्या होत्या. मग एकदा ती परगावी गेली असताना त्यांनी प्रत्येक पेटीचं दार फिनेलच्या फडक्यानं पुसून काढलं. वर तिलाच विचारलं, "माश्यांचे पाय किती घाण असतात, बघितलंस कधी?" काही पेट्यांतल्या माश्या मेल्या, काही उडून गेल्या. उरलेल्या पेट्या आत्यानं टेम्पोत घातल्या आणि थेट भावाच्या दारात जाऊन उभी राहिली. भांडीकुंडी तिथंच राहिली, लग्नाचा फोटो तिथंच राहिला. तो फोटो म्हणे अजून रोज पुसला जातो. आत्याची बाजू जरा जास्तच, त्यामुळं तिथला रंग उडत चाललाय.

भाऊ, म्हणजे दादा, तिच्याहून मोठा. गावाच्या कडेला त्याचा तबेला. स्वतःचे थोडे घोडे, त्यावर तो पैसेवाल्यांच्या पोरांना बसायला शिकवायचा, आणि बाकी लोकांचे सांभाळायला ठेवलेले. शिवाय दोन गायी, काही शेळ्या आणि एक गाढव. गाढवाला काम काही नव्हतं. ते सावलीत उभं राहायचं, चांगलंचुंगलं खायचं आणि कुणी जवळून गेलं की अपमान झाल्यासारखं तोंड करायचं. म्हणून दादानं त्याचं नाव ठेवलं होतं जावई.

टेम्पोतून उतरणाऱ्या पेट्या बघून दादा म्हणाला, "तू राहा. जन्मभर राहा. पण या बायांचं काय करू? घोडा आणि मधमाशी एका आवारात म्हणजे माझा धंदा बुडालाच."

"एक उन्हाळा बघ. घोड्याला एक डंख झाला तर मला सांग."

आणि आत्यानं ते खरं करून दाखवलं. तबेल्याच्या मागं भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या पट्ट्यात तिनं पेट्या लावल्या, सगळ्यांची पाठ घोड्यांकडं करून. समोर डोक्याहून उंच झुडपं वाढवली, म्हणजे दारातून निघालेली माशी सरळ वर चढते आणि घोड्यांच्या डोक्यावरून निघून जाते. त्या बाजूला घोडा बांधून ठेवायचा नाही हा तिचा पहिला नियम. मोकळा घोडा माश्या उठल्या तर पळून जीव वाचवतो, बांधलेला जागच्या जागी मरतो. दुसरा नियम कपड्यांचा. घोड्याच्या घामाचा वास माश्यांच्या डोक्यात जातो, म्हणून खरारा करतानाचा कोट एका खुंटीवर आणि पेट्या उघडतानाचा दुसऱ्या. वहिनीनं एकदा चुकून धुऊन दोन्ही कोट एकाच खुंटीवर टांगले, तेव्हा आत्यानं आठवडाभर अबोला धरला. वहिनी म्हणायची, आयुष्यातला सर्वांत सुखाचा आठवडा तो. पेट्यांवर दगड ठेवले होते, कारण शेळ्या तिथं पाठ घासायला यायच्या. जावयानं मात्र एकदाच पेटीत नाक घातलं. त्यानंतर त्याचं नाक दोन दिवस इतकं मोठं होतं की तो खरोखरच जावयासारखा दिसायला लागला.

घोड्यांना काही झालं नाही. वर्षं गेली. पैसेवाले आपापल्या पोरांना आणायला आले की जाताना मधाची बाटली घेऊन जायला लागले. बाटली देताना आत्या एक वाक्य हमखास म्हणायची, "माझ्या माश्या मागच्या तळ्याचंच पाणी पितात हो. अगदी निर्मळ." तळं झुडपांच्या पलीकडं, कुंपणाबाहेर. माश्या त्या दिशेनं जाताना दिसायच्या. तळ्यावर जाऊन कुणी बघितलं नव्हतं, आत्यानंही नाही. वाक्य चांगलं होतं, चालत होतं, मग बघायला कशाला जायचं?

दर हंगामाला एक बाटली फिनेलरावांकडंही जायची. ते रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून चमचाभर मध घ्यायचे, तोही गाळून. संसार मोडला तरी माणसाचं पोट बिघडावं असं काही आत्याला वाटत नव्हतं.

हे असंच चाललं असतं, पण दादा पडला. आयुष्य घोड्यावर काढलेला माणूस पडला तो बादलीत पाय अडकून. घोटा मोडला. पायाला प्लास्टर लागलं आणि त्याहून मोठं प्लास्टर तोंडाला लागलं, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कुठल्या घोड्यानं पाडलं?" आणि वहिनी दादाच्या आधी उत्तर द्यायची, "निळ्यानं."

"निळा कुठला घोडा?"

"प्लास्टिकचा. कडी असलेला."

त्याच आठवड्यात फिनेलरावांचा फोन आला. मेहुण्याला बघायला येतो म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आत्याची तारांबळ उडाली. म्हणजे प्रेमानं नव्हे, गैरसमज नको. तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली ती तबेल्यामागची नाली. घोड्यांच्या खोल्या धुतल्या की सगळं पाणी, मूत, शेणाचा काला त्या उघड्या नालीतून वाहायचा आणि पेट्यांच्या पट्ट्याच्या टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात साचायचा. हिरवं, फेसाळ, उन्हात डोळ्यांतून पाणी काढणारं. तिथं राहणाऱ्यांना तो वास केव्हाच येईनासा झाला होता. पण आता आत्याला तो फिनेलरावांच्या नाकानं यायला लागला. 'हे बघायला मला सोडून गेलीस?' असं ते तोंडानं म्हणणार नाहीत. रुमाल काढतील, नाकाला लावतील आणि काहीच म्हणणार नाहीत. ते तिला सहन होणारं नव्हतं.

दादा खाटेवर, म्हणजे विचारायला कुणी नाही. आत्यानं गवंडी बोलावला. नाली बुजवली, पाणी पाइपानं जमिनीखालून थेट शोषखड्ड्यात सोडलं, आणि वर कोपऱ्यापर्यंत गुळगुळीत कोबा घातला. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"वन्सं, नवरा येणार म्हणून लोक आरशासमोर बसतात. तुम्ही गटार नटवताय."

"तू गप्प बस. पाव्हण्यांना वास येऊ नये म्हणून."

"पाव्हणे रोजच येतात की. हाच पाव्हणा वेगळा दिसतोय."

फिनेलराव आले. पांढरा शर्ट, बाह्यांना कडक इस्त्री, हातात फिनेलची स्वतःची छोटी बाटली. दादाच्या खाटेशेजारची खुर्ची त्यांनी पुसली, मग दादाच्या प्लास्टरवरून पण एक हात फिरवला. मग आवार बघायला निघाले. आत्या पाठीमागं, श्वास रोखून. ते कोब्याजवळ थांबले. हुंगले. पुन्हा हुंगले. वाकून कोब्यावर बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं.

"सुधारणा आहे," ते म्हणाले.

आत्या उगीचच लाजली. आणि लाजली म्हणून स्वतःवरच चिडली.

आता कोबा घातल्यावर पुढं काय झालं ते ऐका. ऊन वाढलं, आणि दादाच्या घोड्यांनी पाणी पिणं सोडलं. आवाराच्या मधोमध त्यांचा दगडी हौद. त्याच्या काठावर, ओल्या शेवाळावर, पाण्यात पडलेल्या गवताच्या काडीवर, जिकडंतिकडं माश्या. चावत नव्हत्या, तहानलेल्या होत्या. पण घोड्यानं तोंड घालावं तर नाकपुडीत माशी. घोडे हौदापाशी यायचे, फुरफुरायचे, मागं व्हायचे. जावई तेवढा डोळे मिटून प्यायचा, कारण त्याला अनुभव होता.

सांभाळायला ठेवलेल्या घोड्यांत एक पांढरी घोडी होती. तिचं नाव कागदावर काहीतरी लांबलचक होतं, तबेल्यात तिला मॅडम म्हणत. तिची मालकीण दाताची डॉक्टर. एका दुपारी मॅडमनं हौदात तोंड घातलं आणि माशी ओठाखाली दबली. डॉक्टरीण रविवारी रपेटीला आली तेव्हा मॅडमचा खालचा ओठ उशीएवढा होऊन लोंबत होता. साऱ्या गावाचे सुजलेले जबडे रोज बघणारी ती बाई, पण हा ओठ तिनं तीनदा वाकून बघितला.

"पुन्हा असं झालं," ती अखेर म्हणाली, "तर मी हिला दुसरीकडं हलवीन. आणि बाकीचे मला विचारतील का हलवली, तेव्हा मी खोटं बोलणार नाही."

त्या संध्याकाळी दादानं बहिणीला खाटेपाशी बोलावलं. खूप वेळ तो प्लास्टरच खाजवत होता.

"एक डंख झाला तर सांग म्हणाली होतीस."

"हो."

"मग सांगतोय."

"त्या कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन उपयोग नाही दादा. जवळच्या जवळ हलवल्या तर सगळ्या फिरून जुन्या जागी येतात आणि पेटी कुठं गेली म्हणून भणभणत बसतात. आणि हौद तर तोच राहतो."

"म्हणून तर म्हणतोय. लांब जाऊ देत." दादा भिंतीकडं बघून बोलायला लागला. "जावईबापूंचा फोन आला होता. त्यांना हौदाचं सगळं सांगितलं. म्हणतात, गच्चीवर जागा आहे. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाले."

"आणि?"

"आणि... म्हणाले, तिच्यात सुधारणा आहे. तिलाही घेऊन जातो. पेट्या दर शनिवारी पुसाव्या लागतील, तेवढं मान्य असलं तर."

आत्या बाहेर आली. तिला रडू येत नव्हतं, हसू येत होतं, आणि ते जास्त वाईट होतं. पेट्या द्याव्यात आणि आपण इथंच राहावं, हेही तिनं मनात करून बघितलं. पण पेट्यांशिवाय ती इथं कोण? भावाच्या घरी फुकट जेवणारी नणंद. वहिनीनं बोलायचं आणि हिनं ऐकून घ्यायचं. आज दोघी बरोबरीनं भांडतात ते या पेट्यांच्या जोरावर. म्हणजे माश्या गेल्या की तिला जावंच लागणार, आणि जिथं जायचं तिथं शनिवारी फडकं आहे. तिचं सगळं राहणं आता एका हौदावर येऊन टेकलं होतं: माश्या हौद सोडतील तर ती इथं, नाहीतर गच्चीवर.

मग सुरू झाली माश्यांची मनधरणी. आत्यानं पसरट मातीचं भांडं आणलं, त्यात गोटे ठेवले, ताजं गार पाणी भरलं, झुडपांच्या सावलीत ठेवलं. एखाद्या बड्या पाहुण्याचंही असं आदरातिथ्य होत नसेल! माश्या वरून उडून हौदावर गेल्या. तिनं पाण्यात साखर घातली. मुंग्या आल्या, खूश होऊन गेल्या. पुदिन्याची पानं चुरडून टाकली. शेळ्यांनी भांड्यासकट खाल्ली. हौदावर ओलं पोतं टाकलं, तर मॅडमनं ते दातात धरून आवारभर मिरवलं, सुजलेल्या ओठानं.

"वन्सं, त्यांना चमच्यानं पाजा," वहिनी गोठ्यातून ओरडली.

"तुला काय, मी गेले की सुटलीस."

वहिनी यावर काही बोलली नाही. हे इतकं विचित्र होतं की आत्यानं मान वळवून बघितलं. वहिनी गाईच्या पाठीवर नको तेवढ्या जोरानं हात फिरवत होती.

रविवार उद्यावर आला. दुपारी दादा घोरत होता. आत्या पेट्यांपाशी उकिडवी बसली होती, काही करायला नव्हतं म्हणून. आणि तिला एक माशी दिसली. ती पेटीतून निघाली, वर चढली नाही, तळ्याकडं गेली नाही, हौदाकडंही नाही. ती सरळ भिंतीच्या कोपऱ्यात गेली आणि कोऱ्या कोब्यावर घुटमळायला लागली. उतरली, चालली, सोंड टेकवली, पुन्हा उडाली, पुन्हा उतरली. बंद झालेल्या दुकानासमोर जुनं गिऱ्हाईक घुटमळतं ना, तशी. मग आणखी एक आली. कोब्याला जिथं केसाएवढी भेग गेली होती आणि खालून ओल झिरपत होती, तिथं तर चार-पाच जणी डोकी खुपसून बसल्या होत्या.

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"वहिनी!"

"काय झालं? चावली?"

"इकडं ये. हळू बोल. दादा उठेल."

वहिनी आली, वाकली, बघितलं. तिला कळायला अजिबात वेळ लागला नाही. असल्या गोष्टी तिला फार चटकन कळायच्या.

"म्हणजे तळ्याचं निर्मळ पाणी—"

"गप्प."

"इतकी वर्षं! त्या वकिलाच्या बायकोला, त्या मास्तरीणबाईंना, तुमच्या त्या—" इथं वहिनीला हसू आवरेना. ती तोंडात पदर कोंबून खालीच बसली. "घोड्यांचं मूत!"

"अगं, गार पाण्याला वास कुठं असतो? माशी नाकानं पाणी शोधते. खारट, वासाचं, उन्हानं कोमट झालेलं. त्यांच्या तोंडचं पाणी मीच काढून घेतलं, मग त्या हौदावर जाणार नाहीत तर काय करतील? आणि कशासाठी काढलं, तर त्या माणसानं हुंगावं म्हणून!"

"सुधारणा आहे," वहिनी फिनेलरावांच्या आवाजात म्हणाली.

आत्यानं तिच्याकडं बघितलं. "पहार कुठं आहे?"

"नालबंदाच्या खोलीत. आणते."

"तू कशाला?"

"तुम्ही गेलात तर मी दिवसभर त्या घोड्यांशी भांडू का?" असं म्हणून वहिनी उठली आणि दोन पहारी घेऊन आली.

पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायकांनी भर उन्हात नवा कोरा कोबा फोडला. पोत्यावर पोती टाकून, आवाज होऊ नये म्हणून. मधेच दादा खाटेवरून ओरडला, "काय चाललंय?" वहिनी ओरडली, "जावई लाथा झाडतोय!" आणि गाढवाला बिचाऱ्याला शिव्या बसल्या. पाइप सापडला. आत्यानं तो मधेच तोडला, कोपऱ्यात उथळ खड्डा केला, त्यात विटांचे तुकडे आणि गवताच्या काड्या टाकल्या, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. वहिनीनं घोड्यांच्या खोल्या धुवायला पाणी सोडलं. तो जुना, ओळखीचा, डोळ्यांत झोंबणारा काला फेसाळत आला आणि खड्ड्यात साचला. दोघींनी एकदम नाक दाबलं. कोबा होता तेवढ्या दिवसांत त्यांची सवय मोडली होती.

मग आत्यानं हौदावर ताडपत्री ताणून बांधली, आणि घोड्यांना बादल्यांनी पाणी पाजलं. निळ्या बादलीनंसुद्धा. ऊन उतरायच्या आत खड्ड्याच्या काठावर पहिल्या माश्या बसल्या. रविवारी सकाळी कोपरा नुसता गुणगुणत होता. आत्यानं ताडपत्री काढली. चुकून आलेल्या एखाद-दुसरीशिवाय हौद स्वच्छ. मॅडमनं तोंड घातलं आणि ओठाचा सुजलेला पट्टा पाण्यावर पसरून ती इतका वेळ पीत राहिली की डॉक्टरीणबाई आवारात आल्या तरी तिनं मान वर केली नाही.

दादा कुबड्या घेऊन बाहेर आला होता. हौदाकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. "काय केलंस?"

सांगायला वेळ मिळाला नाही, कारण फाटकातून टेम्पो आत आला. फिनेलराव उतरले. पांढरा शर्ट, हातात फडकं, आणि टेम्पोत पेट्यांखाली अंथरायला धुतलेल्या चादरी. चादरी! आत्याला क्षणभर खरंच वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता हो. धुतलेल्या चादरी कोण आणतं?

मग त्यांचं नाक वर झालं.

ते वासाच्या मागं गेले, कोपऱ्यापर्यंत. फुटलेला कोबा, तोडलेला पाइप, फेसाळलेला खड्डा, आणि काठावर खांद्याला खांदा लावून पाणी पिणाऱ्या माश्या. तेवढ्यात खोल्यांमधून एक ताजी धार आली, कारण आतल्या घोड्यांनी बादल्यांमागून बादल्या उगीच रिकाम्या केल्या नव्हत्या. माश्या जराशा उठल्या आणि पुन्हा बसल्या, अधिक आवडीनं.

"ह्या..." फिनेलराव म्हणाले, "ह्या इथलं पाणी पितात?"

"हो," आत्या म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मधे तुम्ही आलात तेव्हा तेवढा खंड पडला."

फिनेलराव हिशेब करत होते. तोंडावर दिसत होतं: एकेक सकाळ, एकेक कोमट पाण्याचा पेला, एकेक चमचा. रंग उतरत गेला, लग्नाच्या फोटोतल्या तिच्या बाजूसारखा. खड्ड्यावरून उठलेली एक माशी सरळ आली आणि त्यांच्या इस्त्रीच्या बाहीवर बसली. पुढचे दोन पाय तिनं एकमेकांवर घासले. मागचे घासले. स्वच्छता झाल्यावर बाहीवर एक पिवळा ठिपका टाकून उडून गेली.

त्यांनी फडकं उचललं, पण पुसायला कुठून सुरुवात करावी हे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळेना.

"पेट्या भरायच्या ना जावईबापू?" दादानं विचारलं. त्याच्या आवाजात आता जरा ओढ कमी होती. हौदावरून त्याची नजर हलत नव्हती.

"माझ्या गच्चीवर? ह्या?" फिनेलराव मागं सरकले, आणि बिचारे जावयावर आपटले. गाढवानं अपमान झाल्यासारखं तोंड केलं. "नको. नको नको. असू देत इथंच." आणि मग आत्याकडं बघून, थोडं दुखावल्यासारखं, "तुझी सुधारणा होईल असं वाटलं होतं."

"थोडक्यात हुकली," आत्या म्हणाली.

टेम्पो चादरींसकट गेला. फाटकाची कडी त्यांनी जाताना पुसली.

डॉक्टरीणबाई मॅडमचा लगाम धरून हा सगळा खेळ बघत होत्या. आता त्या हळूच पुढं आल्या. त्यांच्या घरीही बाटली होती, निर्मळ तळ्याची.

"एक विचारू? हे पाणी... त्या मधात जातं का?"

"मधात?" आत्यानं डोळे मोठे केले. "छे! मधात जातो फुलांचा रस, आणि तोसुद्धा पंख हलवून हलवून सुकवतात, पाणी उडवून टाकतात. हे पाणी उन्हाळ्यात पेटी गार ठेवायला आणि पिल्लांचं खाणं पातळ करायला. बाटलीत याचा थेंब येत नाही. तळ्याचं मी खोटं सांगत होते, ते आता नाही सांगणार. पण मधाचं खरं आहे."

"अगं पण," दादा कुबडी आपटून म्हणाला, "हेच त्यांना सांगितलं असतंस तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता! माणूस पांढरा पडला होता!"

"त्यांनी विचारलं कुठं?" आत्या म्हणाली, आणि कोट बदलायला आत गेली.

दादानं कोब्याचे पैसे वाया गेले म्हणून दोन दिवस तोंड फुगवलं, मग खड्ड्याभोवती स्वतःच विटांचं कडं बांधलं. वहिनीनं ही हकीकत कुणालाही सांगायची नाही असं आत्याला वचन दिलं आणि ती आठवड्यात गल्लीभर केली. मास्तरीणबाईंनी मध बंद केला. महिन्याभरात त्यांनी कामवालीला पाठवून बाटली नेली, 'दुसऱ्या कुणासाठी' म्हणून.

हंगाम आला तेव्हा आत्यानं नेहमीसारखी एक बाटली फिनेलरावांकडं पाठवली. वहिनी म्हणाली, फेकून देतील. काही दिवसांनी टेम्पोवाल्याबरोबर बाटली परत आली: रिकामी, घासूनपुसून आरशासारखी, फिनेलचा वास मारणारी. त्यांनी मध मोरीत ओतला, का दार लावून घेऊन खाल्ला, यावर गल्लीत अजून दोन पक्ष आहेत. आत्या कुठल्याच पक्षात नाही. तिनं बाटली उन्हात ठेवली, वास गेल्यावर पुन्हा भरली.